तो पुलाखाली वळला का नाही

चिंचपोकळीचा पूल उतरून लालबागकडे डावं वळण घ्यायचं, तिथं समोर गिरणीची दगडी भिंत येते. बेचाळीस साली भर दुपारी एक फटफटीवाला त्या भिंतीवर सरळ जाऊन आदळला आणि जागीच गेला. तो गिरगावच्या एका छापखान्यातून भूमिगतांची पत्रकं घेऊन परळला निघाला होता. दगडाचा एक कोपरा तेव्हा उडाला, तो अजून तसाच आहे. आमच्या पिढीच्या प्रत्येक पोराला कुणी ना कुणी तिथं उभं करून तो कोपरा दाखवलेला असतो. मला माझ्या वडिलांनी दाखवला.

पण तो मेला कसा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. रस्ता कोरडा होता. रोजचा होता. ते वळण त्यानं झोपेतसुद्धा घेतलं असतं. त्या दुपारी तो वळलाच नाही.

आमच्या खोलीत पुस्तक नव्हतं. भिंतीचे पोपडे झाकायला वडील जुनी पत्रकं खळ लावून चिकटवायचे आणि मी अक्षरं त्या भिंतीवर शिकलो. 'धिक्कार' हा मला लिहिता आलेला पहिला जोडाक्षरी शब्द. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचं ठरलं आणि रस्त्यावर गोळ्या चालल्या, तेव्हा मी पत्रकं लिहीत होतो आणि वाटतही होतो. आमच्या चाळीतला एक माणूस गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल काढायला आला आणि गळ्यात गोळी लागून कठड्यावर वाकला. त्याच्या रक्ताची धार खालच्या मजल्यावरच्या तुळशीत पडत होती. ते पाहिल्यावर लिहिताना मला शब्द शोधावे लागले नाहीत.

माझ्याकडे मामाची फटफटी होती, लष्कराच्या लिलावातली. कागद नेणारे आम्ही चौघे होतो आणि सगळे एकाच पद्धतीनं न्यायचो. गठ्ठा मागच्या कॅरिअरवर बांधायचा नाही. पुढं, पेट्रोलच्या टाकीवर, पोटाशी घ्यायचा, सुतळीचा एक वेढा टाकीभोवती मारायचा आणि वरून कोटाची बटणं लावायची. मागं बांधलेला गठ्ठा पोलीस ओढून काढतात. पोटाशी असला की डाव्या हातानं कागद उपसून चालत्या गाडीवरून गर्दीत फेकता येतात. ही रीत त्या बेचाळीसवाल्याची. त्यानं असा नेला म्हणून आम्हीही तसाच नेत होतो. कॅरिअरवर बांधणाऱ्याला आम्ही 'दूधवाला' म्हणून चिडवायचो.

चौघांतला एक त्या मेलेल्याचा सख्खा धाकटा भाऊ. त्याला आम्ही धाकटाच म्हणायचो. गिरणीत खातं सांभाळणारा, जाड मनगटाचा, बोलायला कमी आणि हात उचलायला पहिला. दुसरा नायगावच्या चाळीतला. लढाईत ब्रह्मदेशात डिस्पॅच रायडर होता, फटफटीवरून फौजेचे निरोप नेणारा. हुद्दा नाईकाचा, पण सगळे त्याला सुभेदार म्हणायचे आणि तोही कुणाला दुरुस्त करायचा नाही. चौथ्याला त्या आठवड्यात सात रस्त्यावर पकडला. कोठडीत त्याला इतका मारला की त्याच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. कुणीतरी आमचा रस्ता फोडला होता, याबद्दल आम्हाला शंका उरली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे लालबागच्या इराण्याकडे बसलो होतो. धाकट्यानं चहाला हात लावला नाही. समोरच्या बोळाच्या तोंडाशी एका मिस्त्रीची पत्र्याची शेड होती, तिकडे तो बघत होता.

"हाच," तो म्हणाला. "तेव्हाही हाच, आताही हाच."

बेचाळीस साली मेलेल्याची गाडी त्या दिवशी सकाळी याच मिस्त्रीनं पाहिली होती. अपघातानंतर पोलिसांनी त्याला नेलं आणि संध्याकाळी सोडून दिलं. बाकीच्यांना महिनोन्‌महिने आत ठेवलं होतं. तेवढ्यावरून तो खबऱ्या ठरला. फटफटी दुरुस्त करणारा लालबागमध्ये दुसरा नव्हता, म्हणून लोक गाड्या त्याच्याकडेच न्यायचे आणि पाठ वळली की थुंकायचे. धाकटा मात्र बिघडलेली गाडी दादरपर्यंत ढकलत न्यायचा.

"ब्रेकची तार कापली त्यानं," धाकटा म्हणाला. "अर्धीच. दाबली की तुटावी अशी."

"ब्रेक गेला म्हणून हँडल जातं का रे?" सुभेदार म्हणाला. "ब्रेक नसला तर माणूस घाबरून जास्तच वळतो. सरळ भिंतीत कशाला जाईल?"

"तू होतास तिथं?"

"मी ब्रह्मदेशात होतो. तिथं ब्रेकवाली गाडी दिसली तर आम्ही फोटो काढायचो."

मला हसू आलं. धाकट्याला नाही.

"पोलिसांनी रस्त्यात आडवी तार बांधली असणार," मी म्हणालो. लहानपणापासून माझी हीच खात्री होती.

"गळा शाबूत होता त्याचा," धाकटा म्हणाला. "कपाळ आत गेलं होतं. मला ओळख पटवायला नेलं होतं. तार कपाळाला लागते होय, लेखक?"

मी चहा बशीत ओतला. पत्रकात 'कदाचित' हा शब्द चालत नाही, त्यामुळे आम्हा लिहिणाऱ्यांना त्याची सवयच नसते.

"ट्रामचा रूळ," सुभेदार म्हणाला. "चाक रुळात बसलं की खेळ खलास. रूळ नेईल तिकडं जायचं."

"रूळ भिंतीत जातात? तिथं काय ट्राम भिंत फोडून गिरणीत कामाला जाते?" धाकटा उठला. "चला."

मिस्त्री मालवणकडचा, पन्नाशीचा, सुकलेला माणूस. मांडी घालून एक चाक सरळ करत होता. धाकट्यानं पायानं ते चाक उडवलं.

"माझा भाऊ कसा मेला?"

मिस्त्रीनं वर पाहिलं. "माका ठाऊक नाय."

"तार कापलीस की नाही?"

"तार नाय कापलंय." तो थांबला. तिथंच थांबला असता तरी बरं झालं असतं. "हँडलाचो नट... तो मी त्या सकाळी ढिलो केलेलो. मगे आवळलंय काय नाय, माका आठवणा नाय. पानो हातात होतो, ता आठवता. तुझो भाऊस घाई करी होतो, ता पण आठवता. नट आवळल्याचा आठवणा नाय."

त्याला सोडवायला गेलेला मीसुद्धा क्षणभर गार पडलो. मिस्त्री कधीच स्वतःच्या बाजूनं का बोलला नाही, ते आत्ता कळत होतं. तो निर्दोष आहे की नाही, हे त्यालाच माहीत नव्हतं.

धाकट्याचा पहिला ठोसा तोंडावर बसला. मिस्त्री मागच्या पिंपावर कोसळला आणि रक्तासकट एक दात थुंकला. दुसऱ्या ठोशाच्या आधी मी मध्ये शिरलो, तर धाकट्याचं कोपर माझ्या नाकावर आलं. डोळ्यांपुढं पांढरं झालं, तरी मी त्याचा सदरा सोडला नाही.

"शाबीत कर!" मी ओरडलो. "आधी शाबीत कर, मग मार!"

"कुठल्या कोर्टात? गोळ्या घालणाऱ्यांच्या?"

"आपलं कोर्ट भरव. पण भरव! त्यांनी न विचारता मारलं म्हणून तर आपण रस्त्यावर आहोत. आपणही न विचारता मारायचं असेल, तर उद्यापासून पत्रक तू लिही."

सुभेदारानं त्याला मागून कवेत धरून बाहेर ओढला. बोळातून धाकटा म्हणाला, "उद्याचे कागद वाटून होऊ देत. मग येतो. ज्या हातानं नट ढिला केला, तो हात ठेवत नाही."

तो बोलतो ते करतो, हे सगळं लालबाग जाणून होतं. एका दिवसात मिस्त्रीची बाजू शाबीत करायची म्हणजे चौदा वर्षांपूर्वीचा एक नट शोधायचा. तो कुठून आणणार? मला एकच सुचलं. त्यानं आवळलेल्या हँडलावरच मी कागद नेतो, हे लालबागला दिसावं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी गाडी मुद्दाम त्याच्याच शेडमध्ये नेली.

"हँडल बघा," मी म्हणालो.

ओठ सुजून त्याचं तोंड वाकडं झालं होतं. त्यानं नट आवळला, पाना खाली ठेवला, परत उचलला, परत आवळला. "बघ. आवळलंय. तू हात लाव." मी हात लावला. नट पक्का होता. हँडल लोण्यासारखं फिरत होतं.

गिरगावला छापखान्यात गेलो तर पकडलेल्या गड्याचा गठ्ठाही माझ्याच वाट्याला आला. दोन गठ्ठे एकावर एक ठेवून मी सुतळी आवळली. कोटाची बटणं लागेनात. सुभेदार शेजारीच बांधत होता. "लेखक, कितवा महिना?" तो म्हणाला. छापखान्यातले सगळे हसले.

बाहेर हसण्यासारखं काही नव्हतं. ठाकूरद्वारला रस्त्यावर विटांचा चुरा आणि चपला पडल्या होत्या. एका माणसाला तिघे शिपाई लाठ्यांनी झोडत होते. तो केव्हाच हलायचा थांबला होता, तरी झोडत होते. मी जाता जाता ओरडलो, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." आणि पुढचे शब्द वरच्या गॅलऱ्यांतून आले. ग्रँट रोडला अश्रुधुरानं डोळे जळत होते. सात रस्त्यावर शिपायांनी रस्ता अडवायला बाकडी टाकली होती. आम्ही फुटपाथवरून गाड्या काढल्या. माझ्या खांद्यावर एक लाठी बसली. मागं जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

पुलावर मी वेग कमी केला नाही. उतारावर मात्र करावाच लागला, खाली वळण होतं. दोन्ही ब्रेक दाबले. गाडीचं नाक खाली गेलं आणि पोटावरचं ओझं हलकं झाल्यासारखं वाटलं. डावीकडे वळायला हँडल ओढलं.

ते वळलं नाही.

जोर लावला. दगडाला धरल्यासारखं होतं. समोर भिंत होती आणि तिच्यावर तो उडालेला कोपरा. मी ओरडलो की नाही, आठवत नाही. रुळांवर चाक आपटलं, गाडी आडवी झाली आणि मला टाकून एकटीच पुढं भिंतीवर गेली. मी खांद्यावर पडलो. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज बाहेरून नाही, कवटीच्या आतून आला.

जीप पुलाच्या तोंडाशी थांबली. पहिला शिपाई धावत आला आणि मी उठायच्या आत लाठी माझ्या पोटरीवर पडली, मग पाठीवर, मग परत पोटरीवर. वळणावर मिरची कुटणाऱ्या बायांच्या उखळी होत्या. तिथून एक बाई सुपासकट धावत आली आणि सुपातली मिरची तिनं शिपायाच्या तोंडावर मारली. तो डोळे धरून गुरासारखा ओरडला. वरून दगड, बाटल्या, एक अख्खा पाटा आला. बाकीचे शिपाई जीपच्या आड गेले.

"कागद काढा! आधी कागद!" बाया ओरडत होत्या. दोघी गाडीला भिडल्या. "निघंना गं! दांड्यात अडकलाय!"

मी मान वळवून पाहिलं. ब्रेक मारताच गठ्ठा टाकीवरून पुढं सरकला होता आणि हँडल आणि टाकी यांच्यामध्ये पाचरीसारखा बसला होता. सुतळी हँडलाच्या नळीला आवळून बसली होती.

एक म्हातारी, कोपरापर्यंत लाल झालेले हात, कमरेचा विळा काढून वाकली आणि म्हणाली, "तव्हाबी असाच दांडगा गठ्ठा अडकला व्हता. कापूनच काढाया लागतो."

"तेव्हा म्हणजे?"

"त्यो मेला तव्हा. मीच कापला की. पोलीस यायच्या आत समदं कागद पदराच्या वट्यात घातलं."

"कुणाला सांगितलं का नाही, आजी?"

तिनं माझ्याकडं वेड्याकडं पाहावं तसं पाहिलं. "कागदाचं कुणी सांगतं व्हय?"

तिचंही खरं होतं. चौदा वर्षं ज्या उत्तरासाठी आम्ही भांडलो, ते लालबागनं त्या मेलेल्यावरच्या मायेपोटी पहिल्या मिनिटात भिंतीपासून दूर नेलं होतं. मागं उरली मोडकी गाडी आणि तिला शेवटचा हात लावलेला माणूस.

तिनं विळा सुतळीला लावला. "कापू नका!" मी ओरडलो. "आजी, तुमच्या पाया पडतो, तसाच राहू दे! गाडीसकट आत न्या!"

"अरे, गोळी घालतील!"

"घालू देत!"

सुभेदार मागून येऊन पोचला होता. त्यानं एकदा हँडलाकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे आणि एक शिवी दिली, ती इथं लिहीत नाही. गाडी ढकलता येईना, कारण पुढचं चाक बोळाच्या दिशेनं वळेचना. शेवटी चौघी बायांनी तिचं नाक उचललं आणि ओढतच बोळात घातली, मिस्त्रीच्या शेडच्या दिशेनं. सुभेदारानं मला उचललं. मागं गोळीचा आवाज झाला, चुन्याचा एक पोपडा डोक्यावर पडला.

पण बातमी आमच्या पुढं धावली होती. मिस्त्रीनं सकाळीच हात लावलेली गाडी पुलाखाली वळली नाही. तीच जागा. तोच मिस्त्री. परळला कागद टाकून आलेल्या धाकट्यानं हे कुणाच्या तरी तोंडून ऐकलं, आणि त्याला आणखी कुठलं कोर्ट हवं होतं?

आम्ही पोचलो तेव्हा मिस्त्रीचा उजवा हात ऐरणीवर होता. मनगटावर धाकट्याचा गुडघा. दोन बोटं आधीच चेचलेली, नखं नाहीशी झालेली. मिस्त्री ओरडत नव्हता. भिंतीकडे तोंड करून एकच म्हणत होता, "आवळलेलंय मी. आज आवळलेलंय. गाडीवाल्यान नटाक हात लावल्यान."

हातोडा वर गेला तेव्हा सुभेदारानं मला तसंच खाली टाकलं आणि धाकट्याच्या मनगटाला लोंबकळला. दोघे पत्र्यावर आपटले. हातोडा सुटून डब्यांत पडला. धाकट्यानं त्याला दोन गुद्दे घातले, सुभेदारानं एक, पण तो फौजी होता. धाकटा गुडघ्यावर आला.

"हँडल फिरव," मी म्हणालो. मला श्वास पुरत नव्हता. "ऊठ आणि फिरव."

बायांनी गाडी दारात उभी धरली होती. धाकटा उठला तो बहुतेक आम्हाला मारायलाच. मग त्याला गठ्ठा दिसला. त्यानं हँडल धरलं. ओढलं. भिंतीला पाय लावून ओढलं. त्या मनगटांनी ते हललं नाही.

म्हातारीनं विळा घातला. सुतळी तुटली, कागद शेडभर सांडले, आणि धाकट्याच्या हातातलं हँडल एकदम इतकं गर्रकन फिरलं की तो तोल जाऊन गाडीवर पडला.

"तुज्या भावाचाबी मीच कापला," म्हातारी म्हणाली. "असाच."

तो उठला. हँडल डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. परत डावीकडे. मिस्त्री ऐरणीपाशी बसून त्या फिरणाऱ्या नटाकडे बघत होता. मग त्यानं आपला चेचलेला हात मांडीवर घेतला आणि हुंदके द्यायला लागला. इतका वेळ मार खाताना तो रडला नव्हता.

"म्हणजे त्याला कुणी मारलंच नाही?" धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका नव्हती. कुणीतरी त्याच्याकडून काहीतरी हिसकावून घेतल्यासारखा तो बोलला.

"माफी माग," मी म्हणालो.

त्यानं हँडल सोडलं नाही.

"मिस्त्रीची माफी माग. आत्ता. सगळ्यांसमोर."

"माफी र्‍हवांदे," मिस्त्री म्हणाला. चेहरा ओल्या मातीसारखा झाला होता. "कागद भायर पडलेत. ते आधी धाडा."

खरंच होतं. काळाचौकीचे कागद अजून जायचे होते आणि माझ्यानं हात वर होत नव्हता. बायांनी पत्रकं गोळा करून ठोकून सरळ केली. काहींवर मिरची, काहींवर रक्त. धाकट्यानं गठ्ठा उचलला, बाहेर आपल्या गाडीपाशी गेला आणि सवयीनं टाकीवर ठेवला.

मिस्त्री उठला. कुणी त्याला धरायला गेलं, त्याला त्यानं झटकलं. खिळ्यावरची सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढली, बाहेर गेला आणि काही न बोलता गठ्ठा टाकीवरून उचलून मागच्या कॅरिअरवर ठेवला. डाव्या हातानं पट्टी ओढायची, दातांनी धरायची, परत ओढायची. आदल्या दिवशी पडलेल्या दाताच्या जागेतून पट्टीवर रक्त लागत होतं. धाकटा गाडी धरून खाली मान घालून उभा होता. गाठ पक्की बसेना, तेव्हा त्यानं आपलं एक बोट गाठीवर दाबून धरलं, आणि मिस्त्रीनं त्या बोटावरून दुसरी गाठ मारली.

"दूधवालो," मिस्त्री म्हणाला.

धाकट्यानं बोट काढून घेतलं, किक मारली आणि बोळातून डावीकडे वळला.